पाच दाखले आणि एक बरणी

काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य कार्यालयात मर्ल स्टूप्सचा नंबर येईपर्यंत जेवणाची वेळ होत आली आणि त्याच्या टोपीची कड बोटांनी चोळून चोळून मऊ झाली. आईला मातीआड करून आठवडा झाला होता. तिच्या मृत्यूचे पाच दाखले त्याला आजच हवे होते. बहीण वांडा रविवारच्या विमानाने अ‍ॅरिझोनाला परत जाणार होती. त्याआधी दोघांनी बँकेत सह्या करायच्या होत्या, आणि दाखल्याशिवाय बँक कागदाला हात लावायला तयार नव्हती.

पण निघताना वांडाने बजावलं होतं ते वेगळंच. "दाखले घे आणि सरळ घरी ये, मर्ल्या. कुणाशी गप्पा मारत बसू नकोस. बरण्या पोचवायच्यात."

बरण्या म्हणजे तळघरातली शेवटची फळी. आईच्या हातचं काकडीचं गोड-आंबट लोणचं तेवढंच उरलं होतं. उद्या चर्चच्या मासळीच्या पंगतीत ते सगळ्यांच्या ताटात पडावं, ही ओपल स्टूप्सची शेवटची इच्छा होती. यापुढे तसं लोणचं होणार नव्हतं. त्याची कृती तिने कुणाला सांगितली नव्हती. रात्रीच्या प्रार्थनेत देवाच्या कानावर घातली असली तरच.

आणि मर्लला 'बोलू नकोस' म्हणणं म्हणजे वाऱ्याला 'वाहू नकोस' म्हणणं. देवाने त्याला धडधाकट शरीर दिलं, लोण्यासारखं मन दिलं, पण शांतता सोसायची ताकद तेवढी द्यायची राहिली. चार माणसं गप्प बसली की हाताला लागेल ते वाक्य टाकून तो ती शांतता बुजवत असे.

कार्यालय म्हणजे एकच खोली. डावीकडे जन्ममृत्यूच्या खिडकीत जूनेल बसायची. तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर खाद्यपदार्थांचे परवाने, विहिरी, शौचखड्डे आणि कुत्र्यांचे चावे या सगळ्यांचं मिळून एकच टेबल होतं. जुने निरीक्षक वसंतात निवृत्त झाले आणि त्या टेबलावर शहरातून गॅरेट प्रुइट नावाचे नवे साहेब आले. ते आत्ता टेबलावरच सँडविच खात होते. घास चावला की कुर्रम असा आवाज येत होता.

"पाच प्रती," मर्ल म्हणाला.

"ओळखपत्र," जूनेल म्हणाली.

त्याने वाहन परवाना सरकवला. तिने तो उलटसुलट पाहिला. "यावरून तू मर्ल आहेस हे कळतं. तू तिचा मुलगा आहेस हे कुठे कळतं?"

"अगं जूनेल! पहिलीपासून एका वर्गात आहोत आपण. आठवड्यापूर्वी आईच्या शवपेटीपाशी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस तू!"

"मी रडले. काउंटी नाही रडली," जूनेल म्हणाली. "नात्याचा पुरावा लागतो, राजा. स्टूप्स तर या भागात गवतासारखे उगवलेत. जन्मदाखला आण."

"तो वांडाकडे. तिने सगळे कागद कुठल्याशा पेटीत भरलेत आणि ती पेटी कुठे ठेवली ते ती शोधतेय."

"मग नात्याचा उल्लेख असलेला दुसरा काही छापील कागद?"

मर्लचा चेहरा उजळला. खिशात वर्तमानपत्राचं कात्रण होतं. आईची निधनवार्ता! वांडाने रात्रभर जागून लिहिली होती, आणि लिहिताना हात आखडता घेतला नव्हता.

"चालेल," जूनेल म्हणाली आणि संगणकात उतरवून घ्यायला लागली. शाळेपासून तिला मनात वाचता येत नसे. "'...मागे कन्या वांडा, पुत्र मर्ल...' हं, हे झालं. '...आणि तिचा लाडका कुत्रा बिस्किट.'"

मागचं कुर्रम थांबलं. "कुत्र्याला रेबीजची लस दिलीय?" प्रुइटसाहेबांनी विचारलं.

सगळे मर्लकडे बघायला लागले. शांतता पसरली.

"देणारच आहे, साहेब. तसा गरीब आहे तो. पोस्टमनला एकदाच चावला, तेही बरंचसं विजारीलाच."

साहेबांनी ड्रॉवरमधून नोटिशीचा एक कोरा कागद काढला.

जूनेलने डोळे वटारले, पण मजकूर पुरता उतरवून घ्यायचा नियम होता. आवाज खाली आणत ती वाचू लागली, "'चाळीस वर्षं ओपलच्या लोणच्याची टपरी रस्त्याच्या कडेला उभी होती. रिकामी बरणी धुऊन आणली तरच भरलेली मिळे. खुद्द पाद्रीबाबांनाही सूट नव्हती...'"

"परवाना?" साहेब उठून खिडकीपाशी आले.

"कसला परवाना, साहेब? आई विकत कुठे होती! कॉफीचा रिकामा डबा ठेवलेला असायचा. ज्याच्या मनाला येईल तो पैसे टाकायचा."

"म्हणजे पैसे घेत होती."

"डबा घेत होता," मर्ल म्हणाला.

साहेबांनी दुसरा कागद काढला. मर्लला घाम फुटला. "स्वच्छता एवढी साहेब, की काय सांगू! घरच्या विहिरीचं पाणी. आजोबांनी खणलेली. त्या पाण्याला कुणी कधी हात लावला नाही."

"तपासणीसाठीसुद्धा नाही?"

"नाही ना! एवढं शुद्ध."

तिसरा कागद आला. एक दार लावायला जावं आणि दोन खिडक्या उघडून यावं, असं मर्लचं चाललं होतं. शौचखड्डा विहिरीपासून चांगला लांब आहे, हेही तो सांगणार होता. तेवढ्यात जूनेलने खिडकीच्या टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर लाथ मारली.

खिशातला फोन वाजला. वांडा.

"मिळाले का?"

"मिळतायत."

"मर्ल्या, तुझा आवाज असा का येतोय? कुणाशी बोललास?"

"कुणाशी नाही," मर्ल म्हणाला आणि फोन ठेवला. साहेब आता कात्रणातली शेवटची ओळ स्वतः वाचत होते. 'तिच्या हातच्या शेवटच्या बरण्या शनिवारी मासळीच्या पंगतीत उघडल्या जातील. सर्वांनी यावं.'

"उद्या मी येतो," साहेब म्हणाले. "बरण्या जप्त कराव्या लागतील. एक प्रयोगशाळेत जाईल, बाकीच्या नष्ट होतील."

मर्लने टोपी मुठीत चुरगळली. डोळ्यांपुढे फळी आली, आणि स्टुलावर चढून बरण्या पुसणारी आई. आता वांडाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

साहेब कागद भरायला बसले. "मालकाचं नाव?"

"ओपल स्टूप्स," मर्ल पुटपुटला.

"नोटीस मालकाच्या हातात द्यावी लागेल. कुठे भेटतील?"

"चर्चमागे. तिसऱ्या रांगेत. मेपलच्या झाडाखाली."

साहेबांचे कान लाल झाले. "अर्थात. क्षमा करा. मालक मयत असेल तर प्रकरणाला दाखल्याची प्रमाणित प्रत जोडावी लागते." ते जूनेलकडे वळले. "मला एक प्रत द्या."

जूनेलने चष्मा नाकावर सरकवला, एक कोरा अर्ज काढला आणि पेनचं टोपण उघडलं. "मयत व्यक्तीशी आपलं नातं?"

"अहो, मी याच कार्यालयाचा निरीक्षक आहे!"

"ते ठाऊक आहे, साहेब. मी नातं विचारलं."

"पाच टेबलं नाहीत इथे, जूनेलबाई, दोनच आहेत! मी तुमच्या पाठीला पाठ लावून बसतो!"

"बसता. काउंटी नाही बसत," जूनेल म्हणाली. "नात्याचा पुरावा लागतो."

साहेब मर्लकडे वळले. "तुमच्या पाचातली एक द्या."

"एक बँकेची, एक विम्याची, एक आईच्या पिकअप गाडीची, एक वीज कंपनीची, एक वांडाला," मर्लने बोटांवर मोजत सांगितलं. "उरतच नाही, साहेब. देवाशपथ."

साहेबांनी सुस्कारा टाकला. सँडविच कोरडं पडलं होतं. ते कोपऱ्यातल्या फ्रिजकडे गेले, आतून एक बरणी काढली आणि काट्याने काकडीच्या चकत्या पावावर लावल्या. घास घेतला. कुर्रम.

मर्ल उभा होता तिथेच ताठ झाला. झाकणावरची पांढरी चिकटपट्टी त्याला इथूनही दिसत होती, आणि तिच्यावरचं मोठं, तिरपं अक्षर आईचं होतं. त्याने जूनेलकडे पाहिलं. जूनेल छताकडे पाहत होती.

शांतता पसरली. मर्लने ती सोसली. कशी सोसली, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

शेवटी साहेबांनाच चैन पडेना. "काय झालं? असं काय बघताय?"

"रोज खाता का हो ते?" जूनेलने विचारलं.

"आल्या दिवसापासून. फ्रिजमध्ये सगळ्यांसाठीच असतं ना? दुकानात किती शोधलं, पण हे कुठलं ते..." बोलता बोलता त्यांनी झाकण वळवलं. चिकटपट्टीवर लिहिलं होतं, 'बरणी परत करा. — ओपल.'

साहेब तोंडातला घास चावायचे थांबले. मग सावकाश, अगदी सावकाश, पुन्हा चावायला लागले. गिळला.

"आणखी आहे का आत?" त्यांनी विचारलं.

"ती शेवटची," जूनेल म्हणाली.

साहेबांनी खाली बघत उरलेल्या दोन चकत्या खाल्ल्या. मग बाही दुमडली, कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले आणि बरणी धुवायला लागले. आतून, बाहेरून, झाकणाचे आटेसुद्धा. परवाने तपासतानाही त्यांनी इतका वेळ कधी घेतला नसेल. कागदी रुमालाने पुसून त्यांनी ती जूनेलने तोवर छापून ठेवलेल्या मर्लच्या पाच दाखल्यांशेजारी ठेवली.

"चर्चला दान दिलेलं, फुकट वाढलेलं अन्न माझ्या अखत्यारीत येत नाही," ते रस्त्याकडच्या खिडकीबाहेर बघत म्हणाले. "उद्या डबा ठेवू नका म्हणजे झालं. टपरीचं प्रकरण मालक समक्ष हजर होईपर्यंत स्थगित."

"बरंच लांबेल मग," जूनेल म्हणाली आणि दाखल्यांवर शिक्के मारले.

"कुत्र्याला मात्र सोमवारी घेऊन या."

मर्लने काही बोलायला तोंड उघडलं. जूनेलचा पाय पुन्हा हलला. त्याने तोंड मिटलं, दाखले आणि बरणी छातीशी धरली आणि तो बाहेर पडला.

घरी वांडा पायरीवरच उभी होती. "पाच मिळाले?"

"पाच मिळाले."

"आणि ही रिकामी बरणी कुठून आणलीस?"

"उद्याच्या पंगतीला एक पाहुणा वाढलाय," मर्ल म्हणाला. "आरोग्य खात्याचा."

वांडाने कपाळावर हात मारला. "मर्ल्या! तरी सांगितलं होतं! आता सगळ्या बरण्या घेऊन जाईल तो!"

"सगळ्या नाही, एकच." मर्लने ती बरणी तळघराच्या पायरीवर ठेवली. "धुऊन परत केलीय त्याने. आता भरलेली द्यायलाच हवी. आईचा नियम आहे."