फार पळणारा कॉम्प्युटर

वसई स्टेशनजवळ माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. ह्या धंद्याच्या अठ्ठावीस वर्षांत नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली. कॉम्प्युटर चालत नाही म्हणून भांडणारी, हळू चालतो म्हणून भांडणारी, चालतो पण शेजाऱ्याचा जास्त चालतो म्हणून भांडणारी. पण कॉम्प्युटर फार पळतो, जरा हळू करून दे, अशी तक्रार घेऊन आलेला माणूस एकच. सांडोरचे इनासकाका.

"दुकानदार," ते म्हणाले, "हा काम करत नाही."

"काका, चालू तर आहे."

"चालू आहे. काम करत नाही. मी त्याला आठशे नावं दिली. म्हटलं, ओळीने लाव. मी चष्मा पुसला तेवढ्यात म्हणतो, झालं. चष्मा पुसेपर्यंत कोणी आठशे नावं वाचतं का? ह्याने कुठून तरी तयार उत्तर उचललंय."

"नवा प्रोसेसर आहे काका. फास्ट आहे."

"असेल. पण दाखव."

"असेल, पण दाखव" हे त्यांचं पालुपद. गेली अठ्ठावीस वर्षं मी ते ऐकतोय आणि अठ्ठावीस वर्षं माझं डोकं तापतंय. मला ते नावाने कधी हाक मारत नाहीत. दुकान नव्हतं, मुंबईहून पिशवीतून सुटे भाग आणून लोकांच्या घरी जोडून द्यायचो, तेव्हाही मी त्यांच्या लेखी दुकानदारच. त्या शब्दात त्यांना चोर म्हणायचं असतं, असा माझा पक्का समज आहे.

माणूस उंच, काटकुळा. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात भिंग आणि बोटाएवढी बॅटरी. पहाटे स्वतःची केळीची वाडी शिंपायची आणि दहाला गावातल्या एका लहानशा सोसायटीच्या ऑफिसात जायचं. तिथल्या खरेदीचं काम त्यांच्याकडे. त्यामुळे ऑफिसात नवा कॉम्प्युटर यायचा तेव्हा माझी गाठ त्यांच्याशी. मी लांज्याहून नुसत्या कपड्यांनिशी आलेला माणूस. विरारपासून मुंबईपर्यंत भल्याभल्या व्यापाऱ्यांकडून मी भाव पाडून घेतलाय. पण इनासकाका भाव करतच नसत. ते माल तपासत. भाव करणाऱ्याला उत्तर देता येतं, तपासणाऱ्याला काय देणार?

पहिला कॉम्प्युटर मी त्यांना दिला तो फोर एटी सिक्स जातीचा. त्या काळी कॅबिनेटवर टर्बो नावाचं बटण असे. दाबलं की मशीन पूर्ण वेगात, काढलं की हळू. काकांनी बॅटरी मारून ते बटण पाहिलं.

"वेग मशीनमध्ये आहे ना? मग बटण कशाला?"

"जुने काही प्रोग्राम फार जोरात पळतात, त्यांच्यासाठी."

"म्हणजे हा मुळात वेगवान आहे, पण मनात असेल तेव्हाच. अशा माणसाला मी कामावर ठेवणार नाही."

पुढे पेंटियम आला, त्यावर पंखा आला. काका म्हणाले, "एवढ्याशा चौकोनाला पंखा लागतो? घाम काय, कामानेही येतो आणि लबाडीनेही येतो." मग ते भिंग घेऊन प्रोसेसरच्या खालच्या पिना मोजायला बसले. शेकड्यांनी पिना. मधेच कोणी हाक मारली की पुन्हा एकपासून. काही वर्षांनी पिना प्रोसेसरवरून गेल्या आणि खाली मदरबोर्डच्या खाचेत बसल्या. तो नवा प्रोसेसर हातात घेऊन काकांनी उलटापालटा केला. खाली नुसते सपाट सोनेरी ठिपके.

"ह्याचे पाय कोणी कापले?"

मी समजावलं. कंपनीने रचनाच बदललीय, पिना आता खालच्या बाजूला आहेत. त्यांनी ऐकून घेतलं, खाच उघडायला लावली आणि खालच्या पिना मोजल्या. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. चौघांनाही वाटलं, हा दुकानदार पाय कापलेला माल विकतो.

सगळ्यात वाईट दिवस आकड्यांचा. आधी दर वर्षी वेगाचा आकडा वाढायचा. सहासष्ट, शंभर, पाचशे, हजार. मग गिगाहर्ट्झ आले, एक, दोन, तीन. आणि तीनच्या आसपास गाडी अडली. त्याहून जोरात पळवला तर प्रोसेसर तापून जायचा, म्हणून कंपन्यांनी दुसरी वाट धरली. एका चिपमध्ये दोन मेंदू बसवले, मग चार, मग सहा. हे नवं मशीन घेताना काकांनी ऑफिसातली जुनी पावती काढून माझ्यापुढे ठेवली.

"वीस वर्षांपूर्वी तीन. आजही तीन. मधली वीस वर्षं तू काय विकलंस?"

"आता आत सहा जण आहेत काका. काम वाटून घेतात."

"माझं काम एकाचं आहे. बाकीचे पाच काय करतात?"

खरं सांगायचं तर प्रश्न बरोबर होता. त्यांचा प्रोग्राम एकच मेंदू वापरणारा होता, बाकीचे पाच खरोखर बसून राहणार होते. पण हे मी त्यांना सांगितलं नाही. मी धंदा करतो.

तर, ते निवृत्त झाले तेव्हा ऑफिसातला तोच जुना फोर एटी सिक्स त्यांनी घरी नेला. तो अगदी परवापर्यंत चालला. मागच्या वर्षी त्याचा पॉवर सप्लाय जळला. तसला भाग आता मिळत नाही. मी म्हटलं, जुना द्या, नवा घ्या. जुना म्हणजे निव्वळ कचरा, मी उपकार म्हणून घेतोय, असंही म्हटलं. त्यांची नावांची यादी आणि ती लावणारा त्यांनी स्वतः पुस्तक वाचून लिहिलेला प्रोग्राम मी नव्या मशीनवर चढवला. नव्या मशीनला जुन्याचं सोंग घ्यायला लावणारा एक प्रोग्राम असतो, तोही टाकला आणि त्याचा वेग शेवटपर्यंत वाढवून ठेवला. म्हटलं, म्हातारा खूश होईल.

आठ दिवसांत तक्रार आली. ती वर सांगितली. पंधरा दिवसांनी दुसरी.

"माझा जुना परत दे."

जुना मी कामणच्या गोदामात भंगाराच्या ढिगात कधीच पाठवला होता. तसं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला आणि मी सावध झालो. त्या जुन्या चिपांच्या पिनांवर सोन्याचा मुलामा असतो, भंगारवाले त्या वेगळ्या काढतात. कोणीतरी ह्यांना सांगितलं असणार. आधी कचरा म्हणून दिला, आता सोनं आठवलं. माझ्याशी हा खेळ?

"काका, नक्की काय हवंय तुम्हाला? स्पष्ट बोला."

"हळू मशीन हवंय."

"कशाला?"

"मी तुला विचारतो का, तू फास्ट कशाला विकतोस?"

आणि गेले. नुसते गेले असते तर मी विसरलो असतो. पण त्यांच्या गावात मुलांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग निघत होता, दहा मशीनं, आणि बोलणी माझ्याशी जवळजवळ पक्की झाली होती. मंडळींनी काकांचं मत विचारलं. काका म्हणाले, "थांबा. तपास चालू आहे." झालं. वर्ग थांबला. मी बाजारातून जातोय आणि केळीवालीसुद्धा विचारते, "काय शेठ, तुमचा कॉम्प्युटर काम न करता उत्तर देतो म्हणे?"

अठ्ठावीस वर्षांत कमावलेलं नाव, आणि ते हा माणूस भिंगाने पोखरतोय. मी मशीन तपासायला म्हणून दुकानात मागवलं. आत पाहिलं तर प्रोग्राम रोज चालवलेला. रोज, दुपारी चारच्या सुमाराला. कधी दहा वेळा, कधी वीस वेळा. आणि यादी तीच. एक नाव नवं नाही, एक गेलेलं नाही. आधीच ओळीने लागलेली यादी हा माणूस रोज पुन्हा ओळीने लावत होता.

माझी खात्री पटली. हा माझ्याविरुद्ध पुरावा गोळा करतोय. ग्राहक न्यायालयात जाणार.

मी एक कागद टाइप केला. 'मशीन उत्तम चालते, माझी कोणतीही तक्रार नाही.' खाली सहीची जागा. मशीन स्कूटरवर बांधलं आणि बरोबर चारला सांडोरला त्यांच्या दारात उभा राहिलो. आज सही घेतल्याशिवाय हलायचं नाही.

काका दारात आडवे आले. "आत्ता नको. मशीन ठेव आणि जा."

"आत्ताच. चारला काय चालतं ते मला बघायचंय. काय लपवताय?"

माझा आवाज चढला होता. आतून बाईचा आवाज आला, "कोण आलंय?" काकांनी मागे पाहिलं आणि दारातून बाजूला झाले.

आत टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर कातरीनबाय, काकांची बायको. केस नीट विंचरलेले, हात मांडीवर. टेबलावर काही नव्हतं, तरी त्या टेबलाकडेच बघत होत्या.

काका मला स्वयंपाकघराच्या दाराशी घेऊन गेले आणि हळू आवाजात, जमिनीकडे बघत बोलले.

"दोन वर्षं झाली, ती विसरते. आधी चूल, मग मुलांची नावं. आता मी कोण तेही रोज माहीत असतं असं नाही. ती यादी आम्ही दोघांनी केली होती. गावातली सगळी माणसं, घरासकट. ती सांगायची, मी टाइप करायचो. जुन्या मशीनवर सात-आठ सेकंदांनी एक नाव यायचं. मी वाचायचो, तेवढ्यात तिला आठवायचं. तोंड उघडायची. दिवसभरात तेवढंच बोलायची."

"आणि आता?"

"आता सगळी नावं एकदम कोसळतात. ती बघते आणि गप्प बसते."

"मग कागदावरून वाचून दाखवा ना."

"दाखवलं. हातात कागद दिसला की तिला वाटतं मी परीक्षा घेतोय. चिडते. मशीनवर चिडत नाही. आता कोण येतं ते बघायला तिला आवडतं."

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू बाजारात सांगितलं असतंस."

खरं होतं. सांगितलं असतं.

मशीन जोडलं. त्या सोंग घेणाऱ्या प्रोग्रामचा वेग कमी करता येतो, दोन कळांचं काम. पहिल्याच दिवशी त्यांनी कारण सांगितलं असतं, किंवा मी नीट विचारलं असतं, तर पाच मिनिटांत झालं असतं. मी वेग उतरवत गेलो आणि काका मनगटावरच्या घड्याळात बघत राहिले.

"तीन सेकंद. अजून हळू."

"आता पाच," मी म्हणालो.

"अजून. घाई करू नकोस, दुकानदार."

"आठ."

"थांब. हेच."

बाकीचे पाच मेंदू तर रिकामेच होते, आता सहावाही जवळजवळ झोपला. काळ्या पडद्यावर एक रेघ लुकलुकत होती. मग पहिलं नाव आलं. काकांनी वाचलं, "आग्नेल, विहिरीकडचा."

कातरीनबाय पडद्याकडे बघत होत्या. दुसरं नाव आलं, तिसरं आलं. चौथ्याला त्या म्हणाल्या, "हिच्या लग्नात पाव कमी पडले." त्या त्यांच्या घरच्या बोलीत बोलत होत्या. मला जेवढं कळलं ते माझ्या मराठीत लिहितोय. पुढच्या नावाला म्हणाल्या, "हा चांगला नाही. आमच्या वांग्यांत बकऱ्या सोडायचा." मग त्या थांबेनात. कोणाची सासू बहिरी, कोणी दर्यात गेला तो आलाच नाही, कोणी उसनं नेलेलं पातेलं दिलं नाही. काका मान डोलवत होते, वाचत होते, आणि मधेच सवयीने विचारत होते, "नक्की? पातेलंच ना?"

कागद माझ्या खिशात होता. उठायचं म्हणून मी दोनदा पुढे सरकलो आणि तसाच बसलो. पाऊण तास तरी गेला असेल.

"इनास," काकांनी वाचलं, आणि घराचं नाव सांगितलं. त्यांचंच घर. मग एक कळ दाबून त्यांनी यादी थांबवली.

कातरीनबाय हसल्या. "हा केळीवाल्यांचा. फार संशयी. मला बघायला आला, तर आधी आमच्या विहिरीत वाकून बघितलं, पाणी खारं आहे का म्हणून."

"मग?"

"मग काय. बापाने मला विचारलं. मी हो म्हटलं." त्या दाराकडे बघत राहिल्या. "अजून आला नाही पण."

"येईल," काका म्हणाले.

"येईल. सगळं तपासून निघतो तो. वेळ लागतो त्याला."

काकांनी आपली खुर्ची उचलून कातरीनबायच्या खुर्चीला लावली, आवाज न करता. मग कळ दाबली. रेघ पुन्हा लुकलुकायला लागली, आणि आम्ही तिघं पुढच्या नावाची वाट बघत बसलो.