पाठवा की पोरीला सुट्टीत

आमंत्रण ही आपल्या समाजातली सर्वांत सुरक्षित देवाणघेवाण आहे, कारण तीत देणाऱ्याचं काही जात नाही आणि घेणारा काही नेत नाही. या एका तत्त्वावर अहिल्यानगर जिल्ह्यातली असंख्य लग्नं आणि बारशी निर्विघ्न पार पडली. ही घडी सुश्रुतने गेल्या उन्हाळ्यात विस्कटली.

सुश्रुत सावेडीत राहणारा, विम्याच्या ऑफिसातला, सरळ मनाचा माणूस. (नोकरी जोखीम ओळखण्याची, तरीही.) त्याची मुलगी संस्कृती अडीच वर्षांची. तिचा प्लेग्रुप एप्रिलअखेर बंद झाला. ‘वर्षभराच्या बौद्धिक श्रमांनंतर चिमुकल्यांना विश्रांती मिळावी’, असं शाळेने कळवलं. (संस्कृतीचे बौद्धिक श्रम म्हणजे शेजारच्या मुलाचा डबा खाणे. त्यात ती वर्गात पहिली होती.) नेमकी मे महिन्यातच तिच्या आईची, निवेदिताची, खात्यातली बढतीची परीक्षा होती. निवेदिता दोनदा थोडक्यात हुकली होती, आणि तिनेच काम शिकवलेला ज्युनियर पास होऊन आता तिलाच "मॅडम, जरा ती फाईल आणा" म्हणू लागला होता.

"मला फक्त आठ दिवस शांतता हवी," निवेदिता म्हणाली. पुस्तक तिला उघडता येत नव्हतं, कारण संस्कृती त्यावर बसली होती.

सुश्रुतला आमंत्रणं आठवली. इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. ‘या एकदा’ म्हणजे येऊ नका. ‘या की हो’ म्हणजे येऊ नका, पण राग मानू नका. आणि ‘पोरीला पाठवाच सुट्टीत’ म्हणजे तुमचं बोलणं संपलं असेल तर आम्ही निघतो. जिल्ह्यात दर लग्नसराईत अशी काही लाख आमंत्रणं दिली जात असावीत. स्वीकारल्याची नोंद नाही.

सुश्रुतने दोन स्वीकारली. पिशवीत कपडे, डायपर, एका कानाचा ससा भरला आणि संस्कृतीला घेऊन सोनईची एसटी पकडली.

सोनईचे काकासाहेब त्याच्या वडिलांचे मित्र. "मळा हाय, म्हशी हायत, पाठवा की पोरीला," असं ते दर लग्नात म्हणत. दारात पिशवी पाहून त्यांचा चेहरा पंचनामा चालू असल्यासारखा झाला.

"मळ्यात आता कोन जातंय?" ते म्हणाले. "आमच्याच नातवंडांना टाइम न्हाई. थोरला कराटेला, मधली अक्षर सुधारायला, धाकटा मोबाईल सोडवायच्या शिबिराला. ते मोबाईलवरच असतंय."

तेवढ्यात संस्कृतीने त्यांचा चष्मा म्हशीपुढच्या पाण्यात सोडला. काकासाहेबांनी तिच्या हुशारीचं तोंडभरून कौतुक केलं आणि परतीची एसटी किती वाजता आहे ते न विचारताच सांगितलं.

अकोले तालुक्यातल्या प्रेमलाआत्या निवृत्त शिक्षिका. ‘आमच्या डोंगरातल्या हवेत मूल कसं फुलतं बघ’, हे त्यांचं दर दिवाळीचं वाक्य. संस्कृती तांदळाच्या डब्यात पूर्ण बसते, हे कळेपर्यंत त्या त्यावर ठाम होत्या.

"अरे, हवा आहेच रे चांगली," त्या तांदूळ निवडत म्हणाल्या, "पण सवय नसलेल्याला बाधते. आणि लेकराला आईपासून तोडू नये, सुश्रुत. पाप लागतं."

दोन्ही उंबरठ्यांवर निघताना सुश्रुत हसून म्हणाला, "आता तुम्ही या नगरला. मुलांना पाठवा ना! आमचं काय, घर मोकळंच असतं."

तो हे जाणूनबुजून म्हणाला नाही. निघताना जशी चप्पल घालतात, तसं ते निघून गेलं.

परीक्षा रविवारी होती. शुक्रवारी सकाळी सावेडीत एक जीप थांबली. तिच्यातून काकासाहेबांची तीन नातवंडं उतरली. (शिबिरं संपली होती. मोबाईल सुटला नव्हता.) दुपारी एसटीने आत्यांची दोन आली, सोबत चाळलेला तांदूळ.

"कोणी बोलावलं यांना?" निवेदिताने विचारलं.

"मी," सुश्रुत म्हणाला. "पण बोलावलं नव्हतं."

त्याने काकासाहेबांना फोन केला. ते मनापासून गहिवरले होते. "साहेब, खरं सांगतो, आधी आमाला वाटायचं, समदेच उगा म्हनत्यात. पन तुमी पोरगी घेऊन दारात आलात, तवा कळलं. ह्या मानसाच्या तोंडात एक न् पोटात एक न्हाई. म्हनून तर बिनघोर धाडली!"

प्रामाणिकपणाची एवढी पावती सुश्रुतला आयुष्यात कुणी दिली नव्हती.

निवेदिताने उरलेला अभ्यास बाथरूममध्ये केला. तो सलग झाला नाही, कारण घरात सहा मुलं होती, बाथरूम एक होतं आणि मुलांना कलिंगड आवडतं. निकाल जुलैत लागला. ती पुन्हा थोडक्यात हुकली. ज्युनियरने तिला धीर दिला आणि फाईल मागितली.

परीक्षा येत्या मे महिन्यात पुन्हा आहे.

हे वाचून आपल्यालाही वाईट वाटलं असेल. ‘अरेरे, आधी सांगायचं ना, आमच्याकडे ठेवली असती की पोरीला’, असं आपण म्हणालाही असाल. फार मोठं मन आहे आपलं. सुश्रुतला तसं कळवलं आहे.

पिशवी भरून झाली आहे. ससाही घातला आहे.