साडूच्या मित्राचा शर्ट

"जायचं तर त्याच रिसॉर्टात जायचं, त्याच समुद्रावर उभं राहायचं आणि त्यांच्यापेक्षा भारी दिसून यायचं," टेलरमास्तरांनी जेवता जेवता जाहीर केलं. "हिंडणं-फिरणं काय, होईल जमलं तर."

'त्यांच्यापेक्षा' म्हणजे साडूपेक्षा, हे घरात कुणाला सांगावं लागलं नाही.

आता साडू हे नातंच मोठं अवघड. भाऊ असता तर वाटणी मागून मोकळं होता आलं असतं. शेजारी असता तर भांडून बोलणं तरी बंद करता आलं असतं. साडूशी मात्र जन्मभर हसतच बोलावं लागतं. मास्तरांचे साडू म्हणजे त्यांच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. चौकात त्यांचं चष्म्याचं दुकान. मास्तरांनी शिलाई मशीनला मोटर बसवली, त्याच आठवड्यात साडूंनी दुकानाला आपोआप उघडणारं काचेचं दार बसवलं, आणि मास्तरांची बायको घरातली मोटर बघायच्या आधी चौकातलं दार बघून आली. वर म्हणाली, "नुसतं समोर उभं राहिलं की उघडतं हो." मास्तर त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या पँटला दोन्ही पाय डावेच कापून बसले होते.

गेल्या वर्षी साडू सहकुटुंब परदेशी, समुद्रावरच्या एका रिसॉर्टात जाऊन आले. परतल्यावर त्यांनी सगळ्यांना घरी बोलावून टीव्हीवर चारशे बारा फोटो दाखवले. मास्तरांच्या पायाला मुंग्या आल्या, पण उठायची सोय नव्हती. एका फोटोवर मात्र त्यांची नजर अडकली. साडू एका उंच माणसाच्या गळ्यात हात टाकून उभे होते आणि त्या माणसाच्या अंगात शर्ट होता. काय शर्ट होता! पोपटी कापड, त्यावर पांढरे शिंपले, कॉलरला पांढरी किनार, खिशावर सोनेरी रेशमानं भरलेलं कासव आणि डाव्या खांद्यावर बटणाची एक पट्टी.

"हे कोण?" मास्तरांनी विचारलं.

"ते होय," साडू चष्मा पुसत म्हणाले. "तिथले बडे गृहस्थ. मालकच म्हणा ना. मला सोडायलाच तयार नव्हते."

"बघा," मास्तरांची बायको म्हणाली, "भाऊजींच्या ओळखी कुठवर आहेत. नाहीतर आपण. गल्लीच्या पलीकडे कुत्रं ओळखत नाही."

ते 'बघा' मास्तरांच्या काळजात टाचणीसारखं रुतलं. त्यांना मानमरातब नको होता. बायकोनं एकदा, आयुष्यात एकदाच, चारचौघांत आपल्याकडे बोट दाखवून 'बघा' म्हणावं, एवढंच हवं होतं.

त्या रात्री त्यांनी लेकीकडून तो फोटो मागवून घेतला आणि बोटांनी ताणून ताणून मोठा केला. पट्टी कशासाठी असावी ते काही कळेना. शेवटी 'फॅशन' म्हणून सोडून दिलं. तसं कापड बाजारात मिळेना तेव्हा छपाईवाल्याला फोटो दाखवून छापून घेतलं. सुट्टीच्या तयारीला लोक बॅगा विकत घेतात, मास्तर महिनाभर कासव भरत बसले. एकाच थानातून स्वतःला शर्ट, बायकोला गुडघ्यापर्यंतचा झगा आणि लेकीला टॉप, असा तिघांचा जामानिमा तयार झाला. शिलाई अशी की उलटून घातलं तरी चाललं असतं.

"बाबा, तिघांनी एकसारखं घालायचं म्हणजे बँडवाले वाटू," लेक म्हणाली.

"मालक लोक असंच घालतात," मास्तर म्हणाले. "फोटो बघ."

रिसॉर्टात पोचेपर्यंत संध्याकाळ उलटून गेली होती. दारात पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी बॅगा उचलल्या, खोली दाखवली आणि मास्तर समाधानानं झोपले. पोपटी शर्ट एकाच्याही अंगात नव्हता. म्हणजे तसला शर्ट इथं ऐऱ्यागैऱ्याला परवडत नाही तर, असा त्यांनी हिशेब बांधला.

सकाळी तिघं नटूनथटून बाहेर पडली. माडांखाली उभं राहून फोटो काढला आणि मास्तरांनी तो तिथल्या तिथं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं : 'आम्हीही आलो. इथलाच खास पेहराव.' मग ते पोहण्याच्या तलावाकडे वळले.

पाण्यातून एक जाडजूड आजीबाई बाहेर आल्या, मास्तरांकडे बघून गोड हसल्या आणि त्यांनी आपला ओला टॉवेल त्यांच्या हातात दिला. मास्तरांना वाटलं, स्वागताची रीत असेल. त्यांनी वाकून घेतला. मागोमाग आणखी दोघांनी दिले. चौथ्या गृहस्थाला मास्तरांचे हात भरलेले दिसले तेव्हा त्यानं सराईतपणे त्यांच्या खांद्यावरची पट्टी उघडली, टॉवेल आत अडकवला, बटण लावलं आणि तो निघून गेला.

पट्टी कशासाठी असते ते मास्तरांना कळलं.

त्यांनी आजूबाजूला नीट पाहिलं. खुर्च्या मांडणारा पोपटी. पाचोळा गोळा करणारी पोपटी. शहाळी सोलणारा पोपटी. रात्रपाळीचे तेवढे पांढरे होते, दिवसपाळी सगळी शिंपले-कासववाली होती! लेक सहा शहाळ्यांचा ट्रे धरून रडकुंडीला येऊन उभी होती, कारण कुणीतरी तो तिच्या हातात देऊन लांबची छत्री दाखवली होती. बायको तर दिसतच नव्हती.

"आई कुठाय?" मास्तरांनी विचारलं.

"एक बाई तिला हाताला धरून खोलीत घेऊन गेली," लेक म्हणाली. "चादर दाखवत होती."

मास्तर टॉवेलांसकट धावले. बायको एका परक्या खोलीत पलंगावरची चादर ताणून कोपरे दुमडत होती.

"अगं, सोड ते. आपल्याला नोकर समजताहेत."

"मला कळलं मघाशीच," बायको म्हणाली. "पण चादर बघवेना हो. अर्धी लोंबत होती."

एवढ्यात मागून कुणीतरी मास्तरांच्या हातातले टॉवेल अलगद उचलले. मास्तर वळले, तर समोर फोटोतला माणूस. साडूंचे बडे गृहस्थ. एका खांद्यावर सात टॉवेल, दुसऱ्या हातात टॉवेलांची गाडी.

मास्तरांनी मोबाइल काढून साडूंचा फोटो त्याच्यापुढे धरला. "तुमचा मित्र?" त्यांनी तोडक्यामोडक्या भाषेत आणि भरपूर खाणाखुणांनी विचारलं.

टॉवेलवाल्यानं बराच वेळ निरखलं. त्याच्या गळ्यात रोज दहा पाहुणे हात टाकून फोटो काढतात, तो कुणाकुणाला लक्षात ठेवणार? पण मग त्याचा चेहरा एकदम उजळला. त्यानं दोन बोटं वर केली, टॉवेलाकडे दाखवलं, टॉवेल बॅगेत कोंबल्याची खूण केली आणि हात हलवून टाटा केला. हा दोन टॉवेल घेऊन गेला.

मास्तरांना आयुष्यात इतका गोड माणूस भेटला नव्हता. त्यांनी त्याला टॉवेलांसकट मिठी मारली.

तेवढ्यात खिशात मोबाइल वाजला. ग्रुपवर साडूंचं उत्तर आलं होतं : 'छान. कपडे ओळखीचे वाटतात.'

साडूंना सगळं ठाऊक होतं. आता ते एका ओळीत सांगतील की ही टॉवेलवाल्याची वर्दी आहे, आणि सगळं खानदान आठ दिवस हसेल. मावसभावानं तर विचारलंच होतं : 'कसे काय ओळखीचे?'

ग्रुपवर साडू काहीतरी लिहीत होते. मास्तरांनी त्यांच्या आधी लिहून टाकलं : 'असणारच. तुमच्या मालकमित्रांचाही असाच आहे. आत्ताच भेटले. फार आठवण काढतात तुमची. तुमच्या दोन वस्तूंबद्दल विचारत होते. कुठल्या, ते इथं सांगू का?'

साडू लिहायचे थांबले. पुन्हा लिहू लागले. पुन्हा थांबले. बऱ्याच वेळानं ग्रुपवर उमटलं : 'नको. मजा करा. कपडे फार शोभतात.'

पुढच्या मिनिटाला त्या मजकुराखाली बावीस अंगठे पडले. मास्तरांनी मोबाइल बायकोपुढे धरला आणि तिनं 'बघा' म्हणायची वाट बघत उभे राहिले.

पण बायकोचं लक्षच नव्हतं. ती टॉवेलवाल्याकडे बघत होती. तिनं ताणलेल्या चादरीला त्यानं दाद दिली होती आणि आता दोन टॉवेल घेऊन त्यांना पीळ देत, दुमडत, चार झटक्यांत पलंगावर एक अख्खा राजहंस उभा केला होता. लांब मान, फुगलेले पंख, सगळं.

"बघा," बायको म्हणाली.

मास्तरांनी बघितलं.

"काय हात आहे माणसाचा," ती म्हणाली. "कात्री नाही, सुई नाही. आणि हसतमुख किती. सकाळपासून राबतोय, पण कपाळावर आठी नाही. नाहीतर तुम्ही. एक काज करायचं म्हटलं तरी घर डोक्यावर घेता."

उरलेले तीन दिवस मास्तर साध्या बनियनवर फिरले. समुद्र छान होता म्हणतात. मास्तरांनी तो फारसा पाहिला नाही. रोज सकाळी बायको खोलीच्या दाराशी उभी राहायची, टॉवेलवाला आज काय करणार म्हणून. एक दिवस हत्ती झाला, एक दिवस ससा. तो घडी कुठं मारतो, पीळ कुठं देतो ते मास्तर पाठीमागून डोळ्यांत तेल घालून बघत होते. साडूंचं नाव त्यांच्या तोंडी तीन दिवसांत एकदाही आलं नाही. लेकीला वाटलं, बाबा सुधारला.

परत आल्यावर ग्रुपवर फोटोंची चौकशी झाली. मास्तरांनी चार फोटो टाकले आणि गप्प बसले. साडूही कधी नव्हे ते गप्प होते. चौकात समोरासमोर आले की दोघं एकमेकांना मान लववत, जणू एकाच गुन्ह्यातून सुटलेले दोन आरोपी.

पंधरा दिवसांनी बायको दुपारी चहा घेऊन दुकानात गेली, तर मशीन बंद. गिऱ्हाइकांची कापडं तशीच पडलेली. कापायच्या टेबलावर घरातले सगळे टॉवेल पसरलेले आणि मास्तर घामाघूम होऊन त्यातल्या दोन टॉवेलांना पीळ देत होते. तिची चाहूल लागली तसे ते बाजूला सरले. टेबलावर त्यांची पंधरा दिवसांची मेहनत उभी होती. मान लांब होती. पंख फुगले होते. आज जमलं होतं, त्यांना स्वतःलाही ते पटलं होतं.

बायकोनं चहा खाली ठेवला. जवळ गेली. सगळ्या बाजूंनी न्याहाळलं. मास्तरांनी राजहंसाची मान बोटानं जरा सरळ केली.

"अगंबाई, बघा तरी," ती कौतुकानं म्हणाली, "कोंबडी काय सुरेख केलीय तुम्ही."