पोथी, सर्व अध्यायांसह

१.

पाप माणसाला एकट्यानेही करता येतं. पुण्याला मात्र दुसरा माणूस लागतो, आणि तो जरा अडचणीतला असावा लागतो. सोनाळ्याच्या हिंमतरावांना हे वयाच्या बासष्टाव्या वर्षी उमगलं आणि 'अंध धर्मग्रंथ साहाय्य मंडळ' जन्माला आलं.

मंडळाचे पदाधिकारी तेवीस. गावातले अंध सहा. त्यांतला बोटांनी वाचता येणारा एक. म्हणजे एका वाचकामागे तेवीस पदाधिकारी. (गावच्या शाळेत एका गुरुजींमागे एकेचाळीस डोळस मुलं आहेत. समाज कोणाची काळजी जास्त घेतो, ते यावरून दिसतं.)

तो एक वाचक म्हणजे पुंजाजी. लहानपणी चार वर्षं बाहेरगावच्या अंधशाळेत राहून तो ब्रेल लिपी, म्हणजे कागदावर उठवलेले ठिपके बोटांनी वाचायला शिकला. मग गावी परतला आणि पन्नास वर्षांत वाचायला ठिपका मिळाला नाही. सध्या भावाच्या मळ्यातली मिरची निवडतो. सडकी मिरची त्याच्या बोटाला डोळस माणसाच्या आधी कळते.

२.

गावाची पोथी अकरा अध्यायांची. प्रत एकच, हिंमतरावांच्या देवघरात लाल फडक्यात बांधलेली, आणि वाचायचा मान त्यांच्याच घराला. वडिलांमागे एकतीस वर्षं हिंमतराव दर श्रावणात ती एका बैठकीत वाचतात. पाचवा अध्याय लांब आहे. तो वाचला तर पंगत दोनला बसते, वगळला तर साडेबाराला.

पंगत एकतीस वर्षं साडेबाराला बसते.

तक्रार कोणाची नाही. ऐकणाऱ्यांना डोळे होते आणि ते पातेल्यांवर होते. पुंजाजीची गोष्ट निराळी. त्याची आई अन्नपूर्णाबाई सांगायची, पाचव्यात एक आंधळा कुंभार आहे. देव त्याच्या चाकापाशी येतो आणि म्हणतो, माग. पुढे काय मागितलं, ते तिने सांगितलं नाही. "ते पोथीतच आयक," म्हणाली, आणि गेली.

"हिंमतरावजी, पाचवा वाचला नाही वाटते."

"वाचला ना बे. तुले डुलकी लागली होती."

"एकतीस साल डुलकी?"

"वय झालं आता तुयं. प्रसाद घे."

"बरं, तो कुंभार देवाले काय मांगते, तेवढं तं सांगा."

हिंमतरावांनी तो अध्याय वडिलांच्या तोंडूनच काय तो ऐकला होता, तोही पातेल्याकडे बघत. पण विद्वान माणूस अडत नाही. "आंधळा काय मांगन? डोयेच मांगन ना. दुसरं काय?"

"तसं असतं तं मायनं सांगून टाकलं असतं," पुंजाजी म्हणाला. "राखून काऊन ठेवलं तिनं?"

३.

गरजू माणूस असा आयताच हाती आल्यावर मंडळाने वेळ दवडला नाही. बाहेरची एक संस्था धर्मग्रंथ ब्रेलमध्ये फुकट करून देते असं कळलं. हिंमतरावांनी पोथीची झेरॉक्स पाठवली. पाचव्या अध्यायासकट सगळी पानं पाठवली, कारण झेरॉक्सच्या यंत्राला पंगतीची घाई नव्हती. चार महिन्यांनी पोत्यात घालून चार जाडजूड खंड आले. हिंमतरावांनी ते स्वतः चाळले आणि तातडीची सभा बोलावली.

ठराव क्र. ७ : ग्रंथात शाई कोठेही आढळली नाही. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी शाई वाया न घालवल्याबद्दल संस्थेचे अभिनंदन करण्यात येते. अनुमोदक : वामनराव. एकमताने मंजूर.

(ब्रेल हे कागदाच्या कंपनीचं नाव, असं हिंमतरावांचं मत होतं. कोणाला विचारून त्यांनी ते बिघडवलं नाही. पुंजाजी सभेला नव्हता. लाभार्थ्याने सभेला बसू नये, असं मंडळाच्या घटनेत आहे.)

ठराव क्र. ८ : ग्रंथ पवित्र असल्याने त्यास कोणाचा हात लागू नये, म्हणून काचेची सागवानी पेटी करण्यात यावी.

पेटी मूळ पोथीच्या मापाने केली गेली. खंड तिच्यात बसेनात. पेटी सागवानी होती, त्यामुळे चूक खंडांची ठरली.

४.

संग्रामपूरचा वहाब बाइंडर वह्या-पुस्तकं बांधतो. त्याच्याकडे पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा आहे. त्याने एक पान हातात घेतलं आणि त्यावरून अंगठा फिरवला.

"हिंमतरावजी, पानायवर दाने दाने हायेत."

"पोत्यात ओल लागली असन. घामोळ्या आल्या कागदाले."

"साऱ्या पानायवर? अन् ओळीनं?"

"कंपनीचा माल हाय. ओळीनंच येईन."

"दाबलं तं सारे बसून जातीन."

"मंग दाब ना. त्याच्यासाठीच आनले."

वहाबने पानावरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. "एकदा पुंजाजीले तं विचारा. किताब त्याचीच हाय ना?"

"त्याले काय विचारू?" हिंमतराव म्हणाले. "त्याले काय दिसते?"

वहाबने पानांना किंचित ओल दिली आणि चारही खंड तीन दिवस शिकंज्यात ठेवले. कामात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात नाही. पानं अशी गुळगुळीत निघाली की माशी बसली तर घसरावी. खंड पेटीत मापात बसले.

६.

कार्यक्रमपत्रिका : दीपप्रज्वलन. ग्रंथाची मिरवणूक. तेवीस पदाधिकाऱ्यांचा सत्कार. अध्यक्षांचं भाषण (चाळीस मिनिटं). लाभार्थ्याचं वाचन (तीन मिनिटं). टाळ्या. भोजन.

पुंजाजीने आठ दिवस मिरचीला हात लावला नव्हता. बोटांची कातडी मऊ राहावी म्हणून रात्री खोबरेल लावायचा. त्या दिवशी नखं काढून आला, हात दोनदा धुतले. खास बाब म्हणून पेटी उघडली गेली. त्याने दुसरा खंड मागितला. पाचवा अध्याय त्यातच असणार, हा हिशेब त्याने घरीच केला होता.

बोटं पहिल्या पानावर डावीकडून उजवीकडे गेली. खालच्या ओळीवर आली. पुन्हा वर गेली. पान उलटलं. आणखी एक उलटलं. मग तो भराभर उलटत गेला.

"पुस्तकाकडे पाहा, पुस्तकाकडे," फोटोवाला म्हणाला.

"वाच ना पुंजाजी," हिंमतराव म्हणाले. "लाजू नको. सारा गाव बसला हाय."

पुंजाजीने खंड मिटला. माईक चालू होता.

"हिंमतरावजी, आजवर तुमी एकच अध्याय सोडत होते. आज अकराच्या अकरा सोडले."

पत्रिकेत यापुढे टाळ्या होत्या. त्या झाल्या. पंगत साडेबाराला बसली.

७.

ग्रंथ आता पेटीत सुरक्षित आहे. किल्ली हिंमतरावांच्या जानव्याला आहे. अहवालात 'लाभार्थी भारावून गेला, त्यास शब्द फुटेना' अशी नोंद आहे. पुढच्या वर्षी उरलेल्या पाच अंधांनाही असाच ग्रंथ द्यायचं घाटत आहे. त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे तो कार्यक्रम जास्त सुरळीत होईल.

वहाब एकदा मळ्यात येऊन गेला.

"मीच दाबलं," तो म्हणाला.

पुंजाजी मिरची निवडत होता. "मले विचारा म्हनलं होतं म्हने तू."

"हाव."

"तेवढा एकच निघाला तू दोन्ही गावं मिळून."

वहाब खाली बसला आणि त्याच्या बरोबरीने देठ मोडू लागला.

आता वाचकांसाठी एक खुलासा. आंधळ्या कुंभाराने देवाकडे काय मागितलं, ते या मजकुराच्या पाचव्या भागात होतं. भाग लांब होता, जेवणाची वेळ झाली होती. तुम्ही चारवरून सहावर आलात. डोळे शाबूत होते, आकडे ठळक होते. शिवाय कुंभाराने डोळेच मागितले असणार, हे तुम्हीही केव्हाच धरून चालला होतात.

कोणाची तक्रार असल्यास मंडळाचं उत्तर तयार आहे. पाचवा भाग वाचला गेला होता. तुम्हाला डुलकी लागली असेल. प्रसाद घ्या.