आशीर्वाद देणारा डायनासोर

पेडणे तालुक्यात, इब्रामपूरच्या अलीकडे असलेल्या ‘सुमनसृष्टी’ या मनोरंजन उद्यानास मोबाइलवर पाचपैकी एक पूर्णांक दोन दशांश तारे पडले असल्याची बाब शासनाच्या निदर्शनास आली आणि शासनाने तिची गंभीर दखल घेतली. दखल गंभीर असल्यामुळे ती घ्यायला चौदा महिने लागले. या काळात तारे एक पूर्णांक एकवर आले. त्याचीही स्वतंत्र दखल घेऊन ती पहिल्या दखलेला टाचणीने जोडण्यात आली.

हे काम डिचोलीच्या ‘पर्यटक अभिप्राय सत्यता पडताळणी कक्षा’कडे आले. कक्षात दोन माणसे होती. कक्षप्रमुख अनंतराव आणि वरिष्ठ लिपिक गोकुळदास. अनंतरावांना खुर्ची सोडून जाता येत नसे, कारण ती कक्षातली एकमेव धड खुर्ची होती. त्यामुळे पाहणीसाठी गोकुळदासांची एकमताने निवड झाली.

“तुमच्याइतका निःपक्षपाती माणूस मिळणार नाही,” अनंतराव म्हणाले.

ते खरेच होते. गोकुळदासांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत आणि जवळजवळ तेवढ्याच संसारात कशालाही, कुणाच्याही तोंडावर, वाईट म्हटलेले नव्हते. बारशाला गेले, तर बाळ बापासारखेच दिसते म्हणत. लग्नाला गेले, तर खीर झकास झाली म्हणत. बायको, म्हणजे गंगावहिनी, वाढताना विचारी, “कसां जालां?” त्यावर ताटात काय पडले आहे हे बघण्याआधीच ते “बरां जालां” म्हणून मोकळे होत.

परिपत्रक सोपे होते. मोबाइलवरील तेवीस तक्रारी पाहणी अधिकाऱ्याने स्वतः, त्याच जागी, त्याच वेळी आणि त्याच स्थितीत अनुभवायच्या. शेवटी एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे. टीका रास्त आहे काय? होय असेल, तर महिनाअखेरीस संपणारा उद्यानाचा परवाना पुन्हा मिळणार नाही. नाही असेल, तर टीका करणाऱ्यांवर कारवाई. एकूण कुणावर तरी कारवाई होणार हे नक्की होते आणि त्यामुळे परिपत्रक परिपूर्ण मानले गेले.

उद्यानाचा मालक रामचंद्र मूळचा दोडामार्गकडचा. खाणी चालू होत्या तोवर डिचोलीत खनिज वाहणारा टिपर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, टिपर दारात उभा राहिला आणि त्यावर वेल चढले. मग त्याने चिऱ्यांची, म्हणजे जांभ्या दगडाची, एक सोडून दिलेली खाण भाड्याने घेतली, टिपरचे इंजिन काढून आकाशपाळण्याला बसवले आणि उद्यानाला बायकोचे नाव दिले. सुमनचे दागिने तिकीटघरात आणि भूतबंगल्यात गेले होते. परवाना गेला असता, तर दोघांना परत जायला टिपरही उरला नव्हता.

साहेब येणार हे कळल्यावर रामचंद्राने आठ दिवस खपून सगळे नीट केले. गोकुळदास फाटकातून आत शिरले, तेव्हा तो हसतमुखाने पुढे आला.

“येवा साहेबांनू! बघा, सगळा दुरुस्त केलंय. बाकडो नवो, नळ नवो, घसरगुंडीक रंग!”

गोकुळदासांच्या पायाखालची जमीनच सरकली. “अरे, ह्या काय केलंस? तक्रारीत बाकडो मोडको आसा. आता मी काय तपासू?”

“मोडको नाय ता बरा ना?”

“बरा कसा? पुरावो नाहीसो केलस तू!”

त्यांनी कक्षाला फोन लावला. अनंतरावांनी खुर्चीतून न उठता निर्णय दिला, “उद्यान तक्रारींच्या दिवशी होते त्या स्थितीत आणावे. पडताळणी पूर्ण होईपर्यंत जैसे थे. दुरुस्ती आढळल्यास फौजदारी.” त्या दिवशी दुपारपर्यंत रामचंद्र आणि त्याचे दोन गडी नवा बाकडा मोडत होते. गोकुळदास मोबाइलवरचा फोटो समोर धरून डावा पाय आणखी चार बोटे तोडायला सांगत होते.

“बांधूक परवानगी लागता ता म्हायत होता,” सुमन कमरेवर हात ठेवून म्हणाली. “मोडूक पण लागता?”

“लागता,” गोकुळदास म्हणाले आणि त्यांनी मोडण्याच्या परवानगीच्या नमुन्यावर तिची सही घेतली.

दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष पाहणी सुरू झाली. तक्रार क्रमांक दोन अशी होती: ‘डायनासोरची भीती वाटत नाही. सासूबाईंनी त्याला नमस्कार केला आणि मलाही करायला लावला.’ डायनासोर गावातल्या बाबुरावांनी केला होता. बाबुरावांची गणपतीची चित्रशाळा. त्यांनी आयुष्यात दुसरे काही केलेले नव्हते, त्यामुळे डायनासोरचे पोट गोल, डोळे मायाळू आणि उजवा हात आशीर्वादाचा झाला होता. पुढ्यात दोन जास्वंदीची फुले आणि एक सोललेला नारळ होता. गोकुळदास वहीत ‘भीती: निरंक’ असे लिहीत असताना आपण चपला काढून उभे आहोत हे त्यांच्या ध्यानात आले. तक्रार सिद्ध झाली.

तक्रार क्रमांक चार भूतबंगल्याची होती. ‘भूत अति आपुलकीने वागते.’ गोकुळदास काळोखात शिरले. चार पावलांवर पांढरी चादर हलली आणि तिच्यातून किंकाळी यायच्या ऐवजी सुमनचा आवाज आला.

“साहेब काय? पायरी सांबाळा हां, थय उतार आसा. आनी काल सांगलास ते गंगावैनीचे गुडघे कशे आसत?”

“तेल लावता, पण उतार नाय,” गोकुळदास म्हणाले.

“निरगुडीचो पालो शेकूक सांगा. जाताना देतंय.”

तक्रार सिद्ध झाली. निरगुडीचा पाला शासकीय पिशवीतून घरी गेला आणि गंगावहिनीच्या गुडघ्यांना आराम पडला. पण नमुन्यात त्यासाठी रकाना नव्हता.

तक्रार क्रमांक अकराने मात्र घोळ घातला. ‘भजीत माशी.’ सुमनचे स्वयंपाकघर इतके लख्ख की माशीला तिथे एकटे वाटले असते. गोकुळदास पहिल्या दिवशी मिरचीभज्यांच्या चार बशा घेऊन बसले. माशी आली नाही. दुसऱ्या दिवशी पाच बशा. सोबत उंडे पाव. तरी माशी नाही. पडताळणी अडली. फोनवर अनंतराव म्हणाले, “माशी उपलब्ध होईपर्यंत थांबा.” तिसऱ्या दिवशी एक माशी कुठूनशी आली आणि सातव्या भजीवर बसली, तेव्हा रामचंद्राने चक्क टाळ्या वाजवल्या. गोकुळदासांनी नोंद केली: ‘माशी आली व बसली. तथापि, तक्रारदाराची माशी हीच काय, याची ओळख पटू शकली नाही. तक्रार अंशतः सिद्ध.’

मग आली तक्रार क्रमांक एकोणीस. ‘दुपारी एक वाजता आकाशपाळणा थांबला. आम्ही सर्वांत वर होतो. चालक घरी जेवायला गेला. चार वाजता परत आला.’

या तक्रारीत तक्रार करण्यासारखे काय आहे, हेच गोकुळदासांना कळेना. पेडण्यात एक ते चार या वेळात दुकानदार, गिऱ्हाईक आणि दुकानासमोरचा कुत्रा असे तिघेही झोपतात. मग पाळण्याने काय पाप केले? पण नियम तो नियम. एकला दहा मिनिटे असताना ते पाळण्यात बसले. बरोबर एक वाजता ते सर्वांत वर पोचले आणि टिपरचे इंजिन एक उचकी देऊन बंद पडले.

“साहेबांनू, मी जेवूक जातंय!” खालून रामचंद्र ओरडला. “चारांक येतंय!”

सुमनने दोरीला बादली बांधून वर जेवण पाठवले. भात, सुंगटांची म्हणजे कोळंबीची कढी, तळलेली मुडदुशी मासळी आणि एका पेल्यात सोलकढी. जेवून गोकुळदासांनी पाय लांब केले. खाली काजूची झाडे होती, दूर तिळारीच्या कालव्याची पांढरी रेघ होती आणि वाऱ्याने पाळणा किंचित डुलत होता. टेबलावरचा फोन नव्हता, अनंतराव नव्हते, कुणाला बरे म्हणायचे नव्हते. गोकुळदास झोपले. अशी झोप त्यांना नोकरीला लागल्यापासून लागली नव्हती. चारला इंजिन सुरू झाले, तेव्हा त्यांना खरोखर वाईट वाटले. तक्रार सिद्ध, असे त्यांनी लिहिले आणि पेन खिशात ठेवले.

महिना संपायला दोन दिवस उरले. तेवीसपैकी बावीस तक्रारी पूर्ण सिद्ध, एक अंशतः. टीका रास्त आहे काय? त्यापुढच्या चौकोनात एक बरोबरची खूण केली की काम संपले असते. सुमनने चहा आणून ठेवला आणि समोर बसली.

“साहेबांनू, खरा सांगा. आमचा पार्क वायट आसा?”

“छे छे. बरां आसा,” गोकुळदासांच्या तोंडून सवयीने गेले.

सुमन उठली आणि तिकीटघरातून जाडजूड अभिप्रायवही घेऊन आली. “ह्या वाचा. सगळे आमका बराच म्हणतत. हातार हात ठेवन म्हणतत. मगे गाडयेत बसल्यार मोबाइलार लिवतत. तोंडार सांगल्यानी असता, तर आमी कधीच सुदारला असता. तुमी पण तशेच काय?”

गोकुळदासांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यांनी वही उघडली आणि मोबाइल शेजारी धरला. त्याच तारखा, तीच नावे. वाळपईच्या परेशने एक वाजून दहा मिनिटांनी वहीत लिहिले होते, ‘अप्रतिम! भजी तर लाजवाब. सहकुटुंब पुन्हा येऊच.’ आणि पावणेदोनला मोबाइलवर, बहुधा फाटकाबाहेरच्या फणसाखालून, एक तारा आणि माशी. तेवीसच्या तेवीस जणांनी असेच केले होते.

गोकुळदासांचे कान लाल झाले. त्यांनी एकतीस वर्षांत प्रथमच कुणाच्या तोंडावर खरे सांगितले.

“बाकडो वायट आसा. नळ गळता. पाळण्याचो आवाज भयंकर आसा. आनी भूत तर भूतच न्हय, सुमनबाय. पण माका परत येवचा आसा. गंगेक घेवन.”

सुमन एकदम हसली. तिने पदराने डोळे पुसले. “आमका पयल्यांदा कोणीतरी तोंडार सांगल्यान,” ती म्हणाली आणि त्यांना आणखी एक भजी वाढली. रामचंद्राने लगेच हातोडा घेतला, पण ‘जैसे थे’ अजून उठलेले नव्हते, म्हणून परत ठेवला.

गोकुळदासांनी होय आणि नाही हे दोन्ही चौकोन रिकामे सोडले आणि ‘शेरा’ या रकान्यात लिहिले: ‘टीका खरी आहे, स्तुतीही लेखी आहे. दोन्हींखाली एकाच इसमाचे नाव आहे. सबब, उद्यानाआधी इसम तपासणे आवश्यक. तोपर्यंत परवाना चालू ठेवण्यात यावा.’

कक्षात असा शेरा कुणी कधी वाचला नव्हता. अनंतराव तो वाचताना खुर्चीतून उठले. आठवड्यात सुधारित परिपत्रक निघाले. पाहणी अधिकाऱ्याने प्रत्येक टीकाकाराच्या घरी पाहुणा म्हणून जावे, एक वेळ जेवावे आणि घरास पाचपैकी तारे द्यावेत. ज्याच्या घराचे तारे उद्यानापेक्षा कमी, त्याची टीका ग्राह्य धरू नये.

पहिले घर वाळपईचे, परेशचे. सोफ्यावरचे प्लॅस्टिक काढलेले नव्हते. टीव्ही चालूच राहिला. मुलाने पाढे म्हणून दाखवले, ते सतराच्या पाढ्यात अडकले आणि सगळ्यांनी जमिनीकडे पाहिले. आमटी कोमट होती. आणि एक माशी, अगदी वेळेवर, लोणच्यावर बसली.

परेशचा चेहरा उतरला. “कशें जालें जेवण?” त्याने दबकत विचारले.

खरे सांगायला आता गोकुळदासांची जीभ वळत होती. पण परिपत्रकात स्पष्ट अट होती, की तक्रारदाराने उद्यानाला जसे वागवले तसेच त्याला वागवावे. ते चपला घालत म्हणाले, “अप्रतिम! सहकुटुंब पुन्हा येऊच.” आणि फाटकाबाहेर जाऊन त्यांनी मोबाइल काढला.

परेशने त्याच संध्याकाळी आपला अभिप्राय पुसून टाकला. उपयोग झाला नाही. अभिप्राय मागे घेता येतो, फाइल मागे घेण्याची तरतूद नाही. तेवीस घरे झाली, तेविसांत एकाही घराला एकापेक्षा जास्त तारे पडले नाहीत. सुमनसृष्टी अजून चालू आहे, ‘जैसे थे’ उठल्यामुळे बाकडा धड आहे, आणि रविवारी डायनासोरपुढे नारळ ठेवायला रांग लागते. गोकुळदास मात्र सुट्टीच्या दिवशीही रिकामे नसतात. कक्षाने आता मनोरंजन उद्यानापुरते थांबायचे नाही असे ठरवले आहे. लग्नात जेवून, दिवाळीच्या फराळाला जाऊन, मित्राचे नवे घर बघून, तोंडावर एक आणि गाडीत बसल्यावर दुसरे बोलणाऱ्या सर्वांची यादी तालुकावार तयार झाली आहे.

ती वर्णानुक्रमे नसल्याने तुमचा नंबर नेमका कधी येईल, हे सांगता येत नाही. एखाद्या रविवारी एक साधासा गृहस्थ येईल. दोन घास अधिक घेईल, मुलाचे पाढे ऐकेल आणि निघताना तुमच्याकडे पाहून म्हणेल, “सगळं अगदी छान होतं हो.” तुम्हाला बरे वाटेल. मग तुम्हाला आठवेल, की मागच्या रविवारी तुम्हीही कुणाला तरी हेच म्हणाला होतात.