कोपराने वाजलेली बेल

२० ऑक्टोबर. दिवाळी तोंडावर आली म्हणून फ्रीजरमधला बर्फ काढायला बसले होते, तेवढ्यात बेल वाजली. लांबलचक, कर्कश. म्हणजे कोपराने दाबलेली. म्हणजे समोरच्या रणपिसे मॅडम.

मॅडम बेल, दार, जिन्याचा कठडा, कशालाच बोट लावत नाहीत. पहिल्या भेटीत मी लाडू पुढे केला, तर म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या बोटांवर माझा शत्रू बसलाय." मी घरी येऊन दोनदा हात धुतले. नंतर कळलं, माणसाच्या कातडीवर एक एन्झाइम असतं, ते आरएनए खाऊन टाकतं. आणि मॅडमनी उभा जन्म आरएनएवर काढलेला.

पेशीतली कामं प्रोटीन करतात, आरएनए नुसता निरोप्या, असं त्यांना कॉलेजात शिकवलं होतं. पण त्यांचा आरएनए स्वतःच घडी घालून बसतो आणि स्वतःच स्वतःला कापतो. "कोणी लागत नाही. आपलं आपण!"

हेच त्यांचं ब्रीद. पाय मोडला तेव्हा प्लास्टरसकट तीन जिने एकट्या चढल्या. मी हात पुढे केला, तर "आपलं आपण!"

एकदा मी शहाणपणाने विचारलं, "पण मॅडम, याचा उपयोग काय?"

"तुमचा मुलगा कंपनीत काय करतो?"

"सॉफ्टवेअर."

"म्हणजे काय?"

मला सांगता येईना. त्याच्या नोकरीचे पेढे मात्र मी बिबवेवाडीभर वाटले होते.

तर त्या दिवशी दारात मॅडम, हातमोजे घातलेल्या, छातीशी थर्माकोलचा डबा.

"महिनाअखेर निवृत्त होतेय. माझ्या प्रयोगशाळेत संगणक बसणार. आजच फ्रीजर रिकामा करा म्हणाले, नाहीतर आरएनएच्या नळ्या बेसिनमध्ये जातील. तुमच्याकडे जागा आहे?"

"तुमचा फ्रीज?"

"घेतलाच नाही. एकटीला काय लागतं?"

माझी जीभ पुण्याची. "आपलं आपण ना, मॅडम?"

त्यांनी डबा आणखी जवळ धरला. मग म्हणाल्या, "नुसत्या पाण्यात माझा आरएनएही काही करत नाही, वहिनी. चिमूटभर मॅग्नेशियम लागतं. मीच माझ्या शोधनिबंधात लिहिलंय."

मी गणपतीतलं मोदकाचं सारण (अजून होतं, विचारू नका) बाहेर काढलं, फ्रीजर पुसला, फ्रीज चालू केला. गार झाल्यावर डबा त्यांनीच आत ठेवला. मला हात लावू दिला नाही. दाराशी थांबून म्हणाल्या, "वीज गेली तर उघडू नका." आणि तरीही थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकला. दोन्ही हातांत कप घेऊन समोर गेले आणि त्यांची बेल कोपराने दाबली.