हाल्वर आजोबांची कवळी

या, जरा पुढे सरकून बसा. मागे बसणाऱ्याला अर्धं ऐकू येतं, मग तो शेजाऱ्याला विचारतो आणि शेजाऱ्याचंही बुडतं. आज दातांची गोष्ट सांगायची आहे. हसू आलं तर खुशाल हसा. पण ज्याचे दात हरवले होते त्याला त्या दिवशी हसू येत नव्हतं, एवढं मनात असू द्या.

हाल्वर आजोबा आयोवातले मक्याचे शेतकरी. गळा देवाने दिलेला, दात दंतवैद्याने दिलेले. देवाचं काम चोख होतं. दंतवैद्याची कवळी मात्र तोंडात अशी राहायची, की भाडेकरूने सामान बांधून ठेवलंय आणि आज निघतो की उद्या, एवढाच प्रश्न आहे.

दर उन्हाळ्यात बॅडलँड्सच्या राष्ट्रीय उद्यानात, डोंगरकड्यांसमोरच्या उघड्या रंगमंचावर, रविवारी सकाळी प्रार्थना व्हायची. तिथे आजोबा एकटे उभे राहून स्तोत्र गात. इंगा आजी समोरच्या बाकावर बसून ऐकत. सूर घसरला की त्यांची एक भुवई वर जाई. हिवाळ्यात इंगा आजी गेल्या. जाताना म्हणाल्या, "माझ्यामागे गाणं बंद करू नका. उन्हाळ्यात जा आणि गा. रडायचं असेल तर गाऊन झाल्यावर."

म्हणून ही सहल. गाडी चालवायला मुलगा ऑरिन, शेजारी सून मार्लिस, मागे आजोबा आणि नात कारी. ऑरिनला एक व्याधी होती. रस्त्याकडेला 'ऐतिहासिक स्थळ' अशी पाटी दिसली की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. इथे घोडदळ पाणी प्यायलं. इथे पहिलं टपाल उतरलं. इथे कुणाची तरी बैलगाडी मोडली. प्रत्येक ठिकाणची माहितीपत्रकं तो एका कापडी पिशवीत कोंबायचा. वाचत मात्र कधीच नसे.

"मोडलेली बैलगाडी बघायला आपण थांबलो, आणि ती इथे नाहीच," कारी म्हणाली. "आपली गाडी मोडली तर कुणी बघायला येईल का?"

"शंभर वर्षांनी येतील," मार्लिस म्हणाली. "तुझे बाबा तोवर तिथेच पाटी वाचत उभे असतील."

शनिवारी दुपारी एका सिमेंटच्या अवाढव्य रानगव्याच्या सावलीत गाडी थांबली. त्याच्या पोटाखाली बाक होते. तिथे बसून सगळ्यांनी उकडलेली कणसं खाल्ली. कणसाचा दाणा आणि आजोबांची कवळी यांचं जुनं वैर. आजोबांनी लोकांकडे पाठ केली, कवळी काढली, कागदी रुमालात गुंडाळली आणि पुढे पाणी मिळालं की धुऊन घालू म्हणून ठेवून दिली. तेवढ्यात ऑरिनने बाकावरची आपली पिशवी उचलून हाक मारली. पुढच्या गावात संग्रहालय होतं.

संग्रहालय म्हणजे जुनी शाळा. एका वर्गात लोणी घुसळायची यंत्रं, एकात लग्नाचे झगे, आणि तिसऱ्यात जुन्या दंतवैद्याचा दवाखाना जसाच्या तसा मांडलेला. ऑरिन सगळं बघत सुटला. आजोबा दवाखान्यातल्या खुर्चीवर टेकले आणि त्यांचा डोळा लागला. जागे झाले ते कोपर शेजारच्या तबकाला लागून. काहीतरी खाली पडून खडखडलं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, कुणी बघत नव्हतं. मग हात पाठीमागे बांधून, चर्चमध्ये दानाची थाळी आपल्याला चुकवून पुढे गेल्यासारखा चेहरा करून, ते हळूच बाहेर पडले.

उद्यानाच्या मुक्कामी पोचल्यावर आजोबा खोलीमागे जाऊन उद्याच्या स्तोत्राची तालीम करायला लागले. सूर लागला. शब्द मात्र बोळक्या तोंडातून वाफेसारखे निघून गेले. त्यांनी खिसा चाचपला. दुसरा चाचपला. मग टोपी.

त्यानंतर गाडीतली बैठक उपटली गेली, खाण्याचा डबा उपडा झाला, अंथरुणं झटकली गेली.

"तुमची ती पिशवी बघितली का?" मार्लिसने विचारलं.

"त्यात माहितीपत्रकं आहेत," ऑरिन म्हणाला.

"म्हणजे कुणी हातच घालणार नाही."

आजोबा पायरीवर बसले होते. आपण इंगाला दिलेला शब्द एका कणसापायी गेला, असं त्यांना वाटत होतं, आणि ते खोटंही नव्हतं. तेवढ्यात त्यांना तो खडखडाट आठवला. "दवाखान्यात," ते तोंडावर हात धरून म्हणाले. "काहीतरी पडलं होतं. माझेच दात असणार. आणि मी ते पाडून पळालो रे."

गाडी उलटी फिरली. परतीच्या वाटेवर ऑरिनने एकाही पाटीपाशी गाडी थांबवली नाही. उपाशी पितरांना दारातून परत पाठवावं तसा त्याचा चेहरा झाला होता.

संग्रहालय सांभाळणाऱ्या व्हर्नाबाई कुलूप लावत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "पडलेली ना? सापडली की. मला वाटलं पोरांनी खेळ केला. उचलून तबकात ठेवली."

तबकात पाच कवळ्या होत्या.

"यातली तुमची कुठली?"

आजोबांनी वाकून पाहिलं. मार्लिसने पाहिलं. ऑरिनने चष्मा पुसून पाहिलं.

"बाबा, स्वतःचे दात ओळखता येत नाहीत?"

"ते तोंडात असतात रे," आजोबा म्हणाले. "मी कधी बघितलेत?"

"इथली वस्तू अशी उचलून देता येत नाही हं," व्हर्नाबाई म्हणाल्या. "समितीला विचारावं लागतं. अध्यक्ष गुरांच्या बाजाराला गेलेत, ते उद्या रात्री येणार."

"उद्या रात्री मी काय गाऊ?" आजोबांनी विचारलं, आणि इंगाचं सगळं सांगितलं. दातांशिवाय सांगितलं, तरी त्यातला शब्द न् शब्द व्हर्नाबाईंना कळला. त्यांनी डोळे टिपले आणि कॉफीचं मोठं भांडं चुलीवर चढवलं. कवळ्या त्यात चांगल्या उकळून निघाल्या.

"घालून बघा," त्या म्हणाल्या. "बसेल ती तुमची."

पहिलीने ओठ मिटेनात. दुसरी घातल्यावर आजोबा घोड्यासारखे दिसायला लागले, असं कारी म्हणाली आणि आईचा चिमटा खाऊन गप्प झाली. तिसरी घशाकडे निघाली. चौथी मात्र अशी बसली, की जणू याच तोंडासाठी घडवली होती. आजोबांनी दात वाजवून पाहिले. हलले नाहीत.

"इतके घट्ट तर कधीच बसले नव्हते," ते म्हणाले. "उकळल्याने असेल."

"इंगाबाईंची पुण्याई," व्हर्नाबाई म्हणाल्या.

रविवारी आजोबा गायले. काय गायले म्हणून सांगू. एकेक शब्द नाण्यासारखा वाजत होता. मागच्या रांगेतला बहिरा म्हातारा कानातलं यंत्र काढून ठेवून ऐकत होता. समोरच्या बाकावर एक जागा रिकामी होती आणि आजोबा शेवटपर्यंत तिकडेच बघत होते. गाऊन झाल्यावर ठरल्याप्रमाणे रडले.

दुपारी ऑरिनला उद्यानाचं नवं माहितीपत्रक मिळालं. ते कोंबायला त्याने पिशवी उघडली, तर पत्रकांच्या मधून कागदी रुमालाची एक पुरचुंडी घरंगळली. आत कवळी होती. दोन दातांच्या फटीत अजून मक्याचा दाणा होता.

सगळ्यांनी आधी कवळीकडे, मग आजोबांच्या तोंडाकडे पाहिलं.

"तरी मी म्हटलं होतं, पिशवी बघा," मार्लिस म्हणाली.

"म्हणजे आजोबांच्या तोंडात आत्ता कोण आहे?" कारीने विचारलं.

सोमवारी कुटुंब मान खाली घालून संग्रहालयाच्या दारात उभं राहिलं. व्हर्नाबाईंचाही चेहरा उतरला होता. झाडताना त्यांना खुर्चीखाली एक चिठ्ठी सापडली होती, तबकातून कवळीसोबत पडलेली. तिच्यावर नेमक्या त्या चौथ्या कवळीचं चित्र काढून खाली लिहिलं होतं: एमॉस बिकेल, लिलाव पुकारणारा.

"लंगडी घोडी शर्यतीची म्हणून विकायचा," व्हर्नाबाई म्हणाल्या. "आवाज असा, की पलीकडच्या गावात बोली लागायची. पण जन्मात चर्चची पायरी चढला नाही. त्याची बायको त्यापायी झुरून गेली. म्हणायची, एकदा तरी याच्या तोंडून देवाचं नाव यावं."

आजोबांनी कवळी काढली, रुमालात ठेवली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. स्वतःची घातली. ती लगेच हलायला लागली.

"समितीला काय सांगू?" व्हर्नाबाई पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "काही नको सांगायला. या तबकाकडे कोण बघतंय. पुढच्या उन्हाळ्यातही शनिवारी या आणि सोमवारी आणून द्या. उकळून."

तेव्हापासून दर वर्षी तसंच चाललं आहे. तर माझ्या माणसांनो, इंगा आजींना तुम्ही आठवालच, त्यांच्यासाठी गाणारं माणूस आहे. माझं मागणं वेगळं आहे. आज रात्री हात जोडाल तेव्हा त्या एमॉस बिकेलचीही आठवण ठेवा. बिचाऱ्याला उशीर झाला, पण दर रविवारी नाही तरी वर्षातून एकदा तो प्रार्थनेला येतो, आणि आला की अगदी पुढे उभा राहतो.